भौगोलिक कारणे लिहा

तमिळनाडूत हिवाळ्यात पाऊस पडतो. भौगोलिक कारणे लिहा.

एकतीस वर्षं मी हा प्रश्न मुलांना घातला. गुण दोन. नैऋत्य मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्रावरची शाखा पश्चिम घाट चढताना रिकामी होते, बंगालच्या उपसागरावरची शाखा या किनाऱ्याला समांतर निघून जाते, म्हणून जून ते सप्टेंबर तमिळनाडू पर्जन्यछायेत; ऑक्टोबरपासून ईशान्य वारे उपसागरावरून बाष्प उचलून आणतात, तेव्हा तिथे पाऊस. 'पर्जन्यछाया' हा शब्द दिसला की मी पुढचं न वाचता दोन्ही गुण देऊन टाकायचो. या उत्तराचा माझ्या स्वतःच्या आयुष्याशी काही संबंध आहे, हे मात्र निवृत्त झाल्यावर, सहलीसाठी कोरा कागद पुढे ओढल्यावर लक्षात आलं.

शिक्षकाला मोठ्या सुट्ट्या दोनच. मे महिन्याची आणि दिवाळीची. तमिळ मुलखात जायला नेमक्या याच दोन वेळा वाईट. दिवाळीत तिथे आपला आषाढ चालू असतो, वर उपसागरातली वादळं. आणि मे महिन्यात 4 तारखेच्या आसपास सुरू होतं 'अग्निनक्षत्रम', बोलीत 'कत्तिरी'. ते तीन-साडेतीन आठवडे चालतं. आपण रोहिणी-मृगाचा हिशेब पावसासाठी ठेवतो, ती माणसं कृत्तिकेचा हिशेब उन्हासाठी ठेवतात. म्हणजे भूगोल शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला, नोकरी असेपर्यंत, या राज्यात योग्य वेळी पाऊल ठेवणं भौगोलिकदृष्ट्याच अशक्य होतं.

तरी आम्ही एकदा गेलो होतो. 1999 च्या मे महिन्यात, एका प्रवासी कंपनीबरोबर, 'दक्षिण दर्शन, नऊ रात्री'. रोज पहाटे चारला दारावर थाप आणि बसमध्ये चिक्की. कंपनीचा आचारी बरोबर असल्यामुळे मदुराईत आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि कुंभकोणमला, जिथली डिग्री कॉफी प्यायला लोक वाट वाकडी करतात, तिथे चहा प्यालो. तंजावरला पोचलो ते दुपारी बाराला. गाभारा बंद व्हायला दहा मिनिटं होती. चपला बाहेर काढल्या आणि राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेल्या त्या देवळाच्या अंगणात आम्ही चाळीस माणसं तव्यावरच्या फुटाण्यांसारखी उड्या मारत धावलो. वर दोनशे फुटांहून उंच विमान होतं म्हणे. मी पाहिलं नाही. मी पाय कुठे ठेवायचा ते पाहत होतो.

दर्शन झालं, गटनेता शिट्टी वाजवू लागला, आणि मला कुणीतरी सांगितलं की मागच्या बाजूला भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. सरफोजीराजांनी 1803 साली भोसल्यांच्या कुळाचा इतिहास तिथे दगडात खोदवून घेतला. मी तिकडे गेलो. ओवरीची सावली होती. इतक्या दूर, कावेरीच्या काठी, दगडावर आपली भाषा. एकेक ओळ लावत गेलो, अर्धवट समजत, अर्धवट अंदाजाने. किती वेळ गेला ते कळलं नाही. परत आलो तेव्हा बस पस्तीस मिनिटं खोळंबली होती, माणसं माझ्याकडे बघत नव्हती, आणि ही, म्हणजे आमची बायको, दोन्ही हातांत दोघांच्या चपला घेऊन उन्हात उभी होती. मला शोधायला अनवाणीच ती पुन्हा आत येऊन गेली होती. पायाला फोड आले होते. तिरुचिरापल्लीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. खरं सांगायचं तर मिरजेपर्यंत.

ही गोष्ट आमच्या घरात 'तंजावर' या एकाच शब्दात सांगितली जाते. मी कुठेही उशीर केला की ती म्हणते, "झालं का तुमचं तंजावर?"

यंदा मात्र फेब्रुवारीत जायचं ठरलं. पाऊस संपलेला, ऊन अजून कोवळं. बारा दिवस. मुलगी बंगळूरला असते. तिने फोनमधल्या कुठल्याशा अ‍ॅपला विचारलं आणि आठ सेकंदांत बारा दिवसांचा आराखडा पाठवला, रंगीत चौकटींत. पहिला दिवस चेन्नई, दुसरा महाबलीपुरम. पाचव्या दिवशी सकाळी मदुराई, दुपारी रामेश्वर, संध्याकाळी कन्याकुमारीला सूर्यास्त. मी भिंतीवरचा नकाशा उतरवला, दोरा ठेवून अंतर मोजलं, दोरा प्रमाणपट्टीला लावला. तो एक दिवस पाचशे किलोमीटरच्या घरात जात होता. "बाबा, तुम्ही अजून दोऱ्याने मोजता?" मुलगी म्हणाली. मी म्हटलं, दोरा खोटं बोलत नाही, फक्त घाट मोजत नाही.

पण चूक अंतराची नव्हतीच, आणि ती मला दाखवली एका कवितेच्या पुस्तकाने. वाचनालयात ए. के. रामानुजन यांचं 'द इंटीरियर लँडस्केप' हाती लागलं. 1967 सालचं पुस्तक, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या जुन्या तमिळ प्रेमकवितांचे इंग्रजी अनुवाद. रामानुजन म्हैसूरचे, घरात तमिळ बोलणारे. पण या कविता त्यांना सापडल्या त्या 1962 साली शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या तमिळचं व्याकरण शोधताना. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी खेडोपाडी फिरून ताडपत्रं गोळा केली, वाचली, छापली. त्यांच्या संपादनातली एक प्रत तिथे धूळ खात होती. शेजारच्या घरातली वस्तू सातासमुद्रापलीकडच्या फडताळात सापडावी तसं. आपली गाथासप्तशतीही काय, आपल्या आधी परदेशी पंडितांनीच जास्त वाचली. त्या गोदाकाठच्या शेतकरणी आणि या तमिळ नायिका एकमेकींच्या ओळखीच्या असाव्यात असं वाटण्याइतक्या सारख्या बोलतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच लिहून ठेवलंय.

मला त्यात धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. या कवींनी आपल्या मुलखाचे विभाग पाडले होते. पाच. 'तिणै' म्हणतात त्याला. डोंगराळ मुलूख कुरिंजी, रानाचा आणि कुरणांचा मुल्लै, भातशेतीचा मरुतम, किनाऱ्याचा नेय्दल आणि रखरखीत तो पालै. इथवर माझ्या पाठ्यपुस्तकासारखंच: प्राकृतिक रचना, वनस्पती, व्यवसाय. प्रत्येक विभागाचं नावसुद्धा तिथल्या झाडाफुलावरून. पण त्यांचा तक्ता पुढे चालू राहतो. प्रत्येक मुलखाला दिवसाचा एक प्रहर, एक ऋतू, आणि प्रेमातली एक अवस्था. डोंगरात मध्यरात्र आणि मीलन. रानात पावसाळ्याची संध्याकाळ आणि वाट पाहणं. भातखाचरांत पहाट आणि रुसवा. समुद्रावर दिवस कलतानाचा प्रहर आणि जीव कासावीस होणं. पालैत उन्हाळ्याची टळटळीत दुपार आणि ताटातूट.

एकतीस वर्षं मी 'हवामान' आणि 'लोकजीवन' या दोन रकान्यांवर थांबलो होतो.

वाचता वाचता मरुतमपाशी आलो आणि पुस्तक मिटलं. भातशेतीचा मुलूख, म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश, म्हणजे तंजावर. भाव: रुसवा. नवरा भलत्याच कुणाच्या नादाने घराबाहेर राहतो, उशिरा परततो, आणि बायको दार उघडत नाही. कवितेतला नवरा गणिकेकडे गेलेला असतो, मी शिलालेखाकडे गेलो होतो. पण हिला हा फरक पटवणं अवघड आहे. मी हा उतारा तिला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं त्यांना. तुम्हाला सव्वीस वर्षं लागली."

तर असा आमचा आराखडा कुठल्या गावी जायचं याऐवजी कुठे किती वाजता असायचं यावर येऊन ठेपला. त्यामुळे गावं भराभर गळाली. चेन्नई गेली. महाबलीपुरम गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. कन्याकुमारी आम्ही पाहिलेली होती. तिथल्या खडकावर 1970 साली विवेकानंद स्मारक उभं राहिलं ते अमरावतीकडच्या एकनाथ रानड्यांच्या चिकाटीमुळे, हे मी तेव्हा बसमध्ये माइक घेऊन सगळ्यांना सांगितलं होतं, तेवढं पुरे. सगळ्यांत जिवावर आलं ते उटी सोडणं. मेट्टुपाळयमहून वर जाणारी ती 46 किलोमीटरची छोटी रेल्वे, कल्लार ते कुन्नूर रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीला चाक अडकवत, बारा फुटांना एक फूट चढत जाणारी. फळ्यावर तिची आकृती मी किती वेळा काढली असेल. पण निलगिरी एका टोकाला आणि रामेश्वर दुसऱ्या. दोरा पुरत नव्हता.

डोंगर म्हणून कोडैकानल धरलं. मिरजेहून तिरुनेलवेलीला जाणारी चालुक्य एक्स्प्रेस दिंडिगलला सोडते, तिथून वर घाट. कुरिंजीचं फूल मात्र दिसायचं नाही. निळं, बारा वर्षांनी एकदा फुलणारं. 2006 ला फुललं, 2018 ला फुललं, आता 2030. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ही सख्खी बहीण, एकाच कुळातली. कारवी सात-आठ वर्षांत येते, ही जास्त मानी. 2030 साली मी किती वर्षांचा असेन याचा हिशेब मी मनात केला आणि कागदावर लिहिला नाही. कवींनी कुरिंजीला दिलेली वेळ मध्यरात्रीची. आम्हा दोघांना मध्यरात्री जाग येते हे खरं, पण कारणं निराळी, त्यातलं एक गुडघे. तरी थंडीत, लोकरीच्या शालीत, खिडकीशी दोघंही जागे असू, एवढं जमेल.

मुल्लैसाठी फार शोधावं लागलं नाही. खरं मुल्लै कोंगू नाडूकडे, कांगेयमच्या कुरणांत, जिथल्या बैलांचं नाव आमच्या सांगली भागातल्या खिलारवाल्यांनाही ठाऊक असतं. पण संध्याकाळ आणि फूल एकत्र हवं तर मदुराई. मुल्लै म्हणजे जुई. मदुराईचा मोगरा जास्त प्रसिद्ध, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तरी संध्याकाळी मीनाक्षीच्या गोपुराबाहेर टोपल्यांत दोन्ही असतात. गजरा तिथे 'मुळम'वर विकतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. म्हणजे आपला हात. विकणारीचा हात आखूड असला तर गिऱ्हाईक घासाघीस करतं, असं आमच्या जुन्या शेजारीणबाई सांगायच्या. मिरज जंक्शनवर नोकरीला आलेलं एक तमिळ कुटुंब पूर्वी आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचं. त्यांच्या आजींना आम्हीही पाट्टी म्हणायचो.

तंजावरला तीन रात्री ठेवल्या. हे हिच्या आग्रहावरून, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तिची कारणं तिची स्वतःची. ती गाते. तिचा तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, भोपळ्याचा. भोपळा किती सांभाळावा लागतो ते तिलाच माहीत. तंजावरकडचा तंबोरा भोपळ्याशिवायचा, फणसाच्या लाकडाचा. ते लाकूड छातीशी कसं गुंजतं ते तिला ऐकायचंय. "तुम्ही तुमचं दगडावरचं वाचा, मी बसते कारागिराकडे. या वेळी तुम्ही माझी वाट बघा."

मी अर्थातच सरस्वती महालात जाणार. सरफोजीराजांनी वाढवलेलं ते ग्रंथालय, ताडपत्रं, मोडीतली दफ्तरं. 1820 च्या सुमाराला हे राजे काशीयात्रेला निघाले तर बरोबर तीन हजारांचा लवाजमा होता म्हणतात. बारा दिवस आणि दोन बॅगा यांचा मेळ घालताना मला घाम फुटतो, तीन हजार माणसांच्या मुक्कामांचा आराखडा कुणी केला असेल? त्या कारकुनाचा कागद एखाद्या मोडी रुमालात असला पाहिजे. मला राजापेक्षा तो कारकून भेटायला हवाय.

पण देवळात जायचं ते पहाटे. दगड गार असताना. मरुतमची वेळच ती. मरुतम हे झाड नेमकं कोणतं यावर मतं आहेत: कोणी अर्जुन म्हणतं, कोणी ताम्हण. ताम्हण असेल तर ते आपलं राज्यपुष्प, आणि मग आमच्या रुसव्याला महाराष्ट्र शासनाचीही मान्यता आहे. फेब्रुवारीत 'सांबा' हंगामाचं भात कापून झालेलं असेल किंवा कापणी चालू असेल, आणि मोकळ्या होणाऱ्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर, उडीद पेरतात. आधी तांदूळ, मग त्याच मातीत उडीद. इडलीचे दोन्ही जिन्नस एकाच शेतातून ओळीने निघतात. ही पीकपद्धती मी मुलांना कधी शिकवली नाही, कारण पुस्तकात 'प्रमुख पीक: तांदूळ' एवढंच होतं. आणि तिथल्या स्वयंपाकघरात 'डांगर पच्चडी' म्हणून एक प्रकार करतात: भाजलेल्या उडदाचं पीठ, दही, वर फोडणी. डांगर! भोसल्यांचं राज्य 1855 साली संपलं, तोफा आणि सिंहासनं गेली, डांगर राहिलं. तंजावरची मराठी अजून घरात बोलणारी माणसं तिकडे आहेत, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर मी काय बोलणार आहे ते ठरवून ठेवलंय. आधी कॉफी, मग बाकी.

किनाऱ्यावर माझी जरा फजिती झाली. नेय्दलची वेळ दिवस कलतानाची. मी कागदावर लिहून मोकळा झालो: 'तरंगंबाडी, सूर्यास्त'. 1620 साली डेन्मार्कच्या लोकांनी तिथे किल्ला बांधला, तटावर बसून समुद्रात सूर्य बुडताना पाहायचा. दोन दिवसांनी रात्री अंथरुणात लख्ख जाणवलं: तो पूर्व किनारा आहे. सूर्य समुद्रातून उगवतो तिथे, बुडतो तो आपल्या पाठीमागे, शेतांत. उभा जन्म गणपतीपुळ्याला जाऊन आलेल्या डोक्याने समुद्र म्हटलं की सूर्यास्त जोडून टाकला होता. आणि हा भूगोलाचा मास्तर. मी उठून पाणी प्यालो.

मग त्या कवींनी संध्याकाळ का दिली? पंडिती उत्तर सोपं आहे: त्या काळच्या तमिळ मुलखात आजच्या केरळचा किनाराही येत होता, तिथे सूर्य समुद्रातच बुडतो. पण मला दुसरं उत्तर जास्त आवडलं. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी बसलं की ऊन पाठीवर असतं, समोर समुद्र. सूर्य मागे खाली गेला की समोरच्या क्षितिजावर निळसर काळी पट्टी वर चढू लागते. ती पृथ्वीचीच सावली. म्हणजे तिथे अंधार समुद्रातून उगवतो. जी बाई नवऱ्याच्या होडीकडे डोळे लावून बसली आहे तिला, गावात अजून उजेड असताना, होडी गेली त्या दिशेनेच काळोख येताना दिसतो. हे कोकणातल्या बाईला दिसत नाही. तिच्या वाट्याला निदान शेवटपर्यंत लाल-सोनेरी तमाशा असतो. 'तरंगंबाडी, सूर्यास्त' मी खोडलं नाही. पुढे लिहिलं: 'पाठ सूर्याकडे'.

रामेश्वराचा मुद्दा मात्र कवितेचा नव्हता. आमच्या देवघरात गंगेचा एक गडू आहे, तांब्याचा, झाकण डाख लावून बंद केलेला. सासूबाई 1974 साली काशीला गेल्या तेव्हा दोन आणले. एक त्यांच्या शेवटच्या वेळी फोडला. दुसरा रामेश्वरासाठी होता. काशीचं पाणी रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आपल्याकडे मानतात. सासूबाईंची अर्धीच राहिली. 1999 ला जाताना गडू घरीच राहिला, कारण निघायच्या धांदलीत तो घ्यायचं माझ्याकडे होतं. तेही 'तंजावर'च्या खाती जमा आहे. मी एकदा बचाव म्हणून नाथांची गोष्ट काढली होती. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाटेत वाळूत तडफडणारं गाढव दिसलं, नाथांनी ते पाणी त्याला पाजलं, देव तिथेच पावला. ही म्हणाली, "नाथांनी पाणी बरोबर घेतलं तरी होतं."

तर रामेश्वर नक्की. पांबनच्या खाडीवर नवा रेल्वेपूल झालाय, 2025 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, त्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ उभा वर उचलला जातो. जुना 1914 चा पूल मी 1999 ला ओलांडला तेव्हा झोपलो होतो. या वेळी पहाटेच्या गाडीत खिडकीशी बसणार. पलीकडे धनुष्कोडी. 1964 च्या डिसेंबरात, 22 तारखेच्या रात्री, चक्रीवादळाच्या लाटेने ते गाव आणि त्या गावाकडे निघालेली आगगाडी माणसांसकट नेली. देऊळ, शाळा, चर्च, स्टेशन. चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वस्तीला अयोग्य ठरलेल्या त्या वाळूत मासे विकणारी कुटुंबं तरीही दिवसभर असतात. तिथे किती वाजता असावं, हे मला कुठल्या तक्त्यावरून ठरवता आलं नाही. हिने ठरवलं. "दुपारी नको. उजाडताना."

चार रकाने भरले. पाचवा, पालै, रिकामा. कुठे मुक्काम करायचा? मी शोधत राहिलो: तुतिकोरिनकडची तांबड्या वाळूची तेरी, रामनाथपुरमचा कोरडा पट्टा. मग लक्षात आलं की पालै हा मुळात वेगळा मुलूखच नाही. 'शिलप्पधिकारम्' या जुन्या महाकाव्यात ते सांगितलंय: उन्हाने डोंगर आणि रानं आपला स्वभाव सोडतात आणि त्यांचं पालै होतं. पालै नकाशावर नसतं, ते येतं. मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता बृहदीश्वराच्या अंगणात आम्ही उड्या मारत होतो ते मरुतम नव्हतंच. फेब्रुवारीत शोधूनही ते सापडणार नव्हतं.

मी हे हिला सांगितलं, जरा खूश होऊनच, कोडं सुटल्यासारखं. ती गडू पुसत होती. चिंच-मीठ लावून तांबं लखलखीत केलेलं. तिने तो कानाशी धरून हलवला, आत पाणी आहे का बघायला. मग म्हणाली, "जतला काय होतं मग?"

जतला मी तीन वर्षं होतो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बदली झाली. ही मिरजेत, माझ्या आईवडिलांजवळ, मुलगी पोटात आणि नंतर कडेवर. मी जत तालुक्यातल्या एका शाळेत, गावात पाण्याचा टँकर दिवसाआड. रविवारी दुपारी मिरज स्टँडवरून एसटी. उन्हाळ्यात खिडकीचा पत्रा हाताला लागू द्यायचा नाही. कवठेमहांकाळ मागे पडलं की दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी, तासचे तास, तीच ती झुडपं. पुस्तकातल्या पालैचा नायकही असाच पैसे मिळवायला भर उन्हाळ्यात निघालेला असतो, आणि कविता बहुतेक वेळा त्याची नसते, मागे राहिलेलीची असते. ते मी वाचलं होतं, खूणही करून ठेवली होती.

निघताना मी दारातून म्हणायचो, "येतो." शेजारच्या पाट्टी ओट्यावर असायच्या. त्यांनी एकदा विचारलं, हा जातो कुठे आणि 'येतो' का म्हणतो? हिने समजावलं, की 'जातो' म्हणू नये. पाट्टी हसल्या. त्यांच्यातही 'जातो' म्हणत नाहीत. 'पोयिट्टु वरेन', जाऊन येतो. ही सांगत होती आणि मी ऐकत होतो. हे मला पहिल्यांदाच कळत होतं. तोपर्यंत माझी एसटी लागलेली असायची.

"मदुराईहून रामेश्वरला मध्ये काय लागतं?" तिने विचारलं.

"काही नाही. मानामदुरै, परमकुडी, रामनाथपुरम. सगळी वेडी बाभूळ."

"मग बसने जाऊ. दुपारच्या."

"आणि पूल?"

"शेजारी रस्त्याचा पूल आहे ना? त्यावरून दिसेल की तुमचा पूल. येताना बसा रेल्वेत."

आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. मी पावणेआठपासून बसलो होतो. आठ वाजून चार मिनिटांनी दोन तिकिटं मिळाली, एक खालचा बर्थ, एक मधला, मधला माझा. मग आराखड्याचा कागद पुढे घेतला आणि पाचव्या रकान्यात लिहिलं: मदुराई ते रामनाथपुरम, बस, दुपारी बारा. खिडकी हिला.